कुळागर बघायला जाताय? फळं नंतर बघा, आधी पाणी बघा

बेळगाव : एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागली की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो, जायचं कुठं? समुद्र बघून झाला, मंगेशी-शांतादुर्गा झाली, मॉल तर रोजचेच. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक ठिकाण वाढलंय. चोर्ला घाट उतरून साखळी, फोंड्याच्या बाजूला गेलं की रस्त्याकडेला पाट्या दिसायला लागतात. मसाल्याची बाग, फळबाग, कुळागर. तिकीट काढायचं, गवती चहा प्यायचा, तास-दीड तास बाग फिरायची, केळीच्या पानावर जेवायचं आणि रात्रीपर्यंत घरी. एका दिवसात होतं, म्हाताऱ्या माणसांना झेपतं आणि पोरांना मोकळं सोडता येतं.

एप्रिलअखेरीस आम्हीही जाऊन आलो. दोन गाड्या, नऊ माणसं. आई, बायको, आमची दोन मुलं, बहीण आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा, मामेभाऊ आणि वहिनी, आणि मी. मामेभाऊ काही नुसता सहलीला आला नव्हता. जांबोटीच्या पुढं आमच्या मामांची दोन एकर काजूची भरड आहे. मामा गेल्यापासून तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. आता एक गिऱ्हाईक आलंय, त्याला तिथं रिसॉर्ट करायचंय. भाव बरा देतोय. माझ्या आईचं ते माहेर, त्यामुळे हा विषय निघाला की ती गप्प होते. विकायच्या आधी गोव्यातली माणसं बागेतून काय कमावतात ते एकदा बघू या, असं मामेभावाचं म्हणणं.

त्यामुळे आमची सहल जरा चौकश्यांची झाली. त्यातून जे कळलं ते इथं मांडतोय. सुट्टीत बाग बघायला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि ज्यांची घाटमाथ्यावर थोडीफार जमीन आहे त्यांनाही.

कुळागर म्हणजे काय?

कुळागर हा शब्द गोव्याचा. कोकणात ज्याला आगर म्हणतात त्याच्या जवळचा. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या खोलगट जागेत, बहुतेक वेळा घराला लागून केलेली मिश्र बाग म्हणजे कुळागर. फोंडा, सत्तरी, डिचोली, सांगे, केपे, काणकोण या डोंगराकडच्या तालुक्यांत ती जास्त दिसतात.

लांबून बघितलं तर नुसतं जंगल वाटतं. आत गेल्यावर कळतं की हे मजले आहेत. सगळ्यात वर नारळ आणि पोफळी. गोव्यात नारळाच्या झाडाला माड म्हणतात आणि पोफळीला माडी. एका वेलांटीचा फरक, आमच्या मुलांनी दिवसभर त्यात घोळ घातला. कडेकडेने फणस, आंबा. मधल्या मजल्यावर कोकम, जायफळ, केळी. पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल चढवलेला, म्हणजे मिरीला वेगळी जागा लागत नाही. आणि अगदी जमिनीलगत अननस, आलं, हळद, सुरण.

वरचं ऊन झावळ्यांतून गाळून खाली येतं. मिरी, जायफळ यांना थेट कडक ऊन सोसत नाही, ही सावली त्यांना लागतेच. पडलेल्या झावळ्या, पानं, सालं तिथंच कुजतात आणि त्यांचंच खत होतं.

मी कॉमर्सचा माणूस. मला ही बाग म्हणजे वहीतल्या रकान्यांसारखी दिसली. सुपारी पावसाळा संपल्यानंतर, हिवाळ्याच्या आसपास. मिरी साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत. काजू फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत. कोकम, आंबा, फणस एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत. जायफळाचा जोर पावसाळ्यात. नारळ आणि केळी बाराही महिने. एका पिकाला भाव नसला, एखादा मोहोर जळला तरी बाग बसत नाही. दुसरं काहीतरी उभं असतं. एकाच पिकावर सगळा डाव लावणाऱ्यांना हे सांगण्यासारखं आहे.

पहिल्यांदा दाखवलं ते पाणी

आम्ही ज्या बागेत गेलो तिचे मालक साठीच्या पुढचे. बाकीच्या लोकांना त्यांचा माणूस फिरवत होता. मामेभावाच्या चौकश्या ऐकून मालक स्वतः आमच्याबरोबर आले. मुलांना वाटलं, आता आंबे, फणस दाखवतील. त्यांनी आम्हाला नेलं थेट बागेच्या वरच्या टोकाला. तिथं जांभ्या दगडाच्या कपारीतून करंगळीएवढी धार पडत होती. खाली बांधलेलं छोटं तळं, आणि तळ्यातून निघालेले मातीचे पाट.

"बाग ही आहे," ते म्हणाले. "खालचं सगळं हिच्यामुळे."

हे समजून घेण्यासारखं आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पोफळीची मुळं वरवरची असतात, खोल जात नाहीत. डिसेंबर ते मे या काळात तिला पाणी मिळालं नाही तर झाड वाळतं. मग चार महिन्यांचा पाऊस पुढचे आठ महिने पुरतो कसा? तो डोंगर पुरवतो. वरचा सडा जांभ्याचा, छिद्राछिद्रांचा. पावसाचं पाणी त्यात मुरतं, झाडांची मुळं आणि पाचोळा ते धरून ठेवतात, आणि पायथ्याशी ते झर होऊन बाहेर पडतं. म्हणून वर जंगल किंवा काजू, पायथ्याला कुळागर आणि त्याखाली भातशेती अशी इथली जुनी मांडणी आहे. काही ठिकाणी आता पंप आणि तुषार सिंचन आलंय, पण पाणी त्याच झरीचं किंवा तिच्यावरच्या विहिरीचं.

वरचा डोंगर कापला, बोडका केला की खालची झर आटते. बाग दुसऱ्याची आणि डोंगर तिसऱ्याचा असला तरी नुकसान बागवाल्याचंच.

येताना आम्ही कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाजवळ थांबलो होतो. याच डोंगररांगेतलं काही पाणी मलप्रभेतून पूर्वेकडे कृष्णेला मिळतं आणि काही म्हादईतून पश्चिमेला अरबी समुद्राला. म्हादईवरून दोन राज्यांत काय चाललंय ते आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या बातम्या मीही कितीदा दिल्यात. पण पाणी म्हणजे नेमकं कुणाचं काय अडकलंय ते त्या करंगळीएवढ्या धारेपाशी उभं राहिल्यावर जास्त कळलं.

घरचे कोण, पाहुणे कोण?

मुलांना घेऊन जाणार असाल तर बागेत एक खेळ खेळा. प्रत्येक झाड बघून विचारा, हे इथलं की बाहेरून आलेलं?

फणस, कोकम आणि मिरी ही आपल्या सह्याद्रीचीच. आंबाही भारतीय उपखंडातला. पण काजू, अननस, पपई, पेरू, चिकू, मिरची ही सगळी अमेरिका खंडांतली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, आणि त्याच शतकात ब्राझीलकडून काजू आणि अननस इकडे पोचले. जायफळ इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं. व्हॅनिला मेक्सिकोची. मेक्सिकोबाहेर तिच्या फुलाचं परागीभवन आपोआप सहसा होत नाही, म्हणून प्रत्येक फूल काडीने हातानेच फळवावं लागतं. ही सोपी रीत 1841 मध्ये रियुनियन बेटावर एदमोन आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली. आजही बागांतून तीच वापरतात. हे ऐकून माझी सहावीतली मुलगी बराच वेळ त्या वेलापाशीच उभी होती.

झाडांबरोबर शब्दही आले. काजू, अननस, पपई हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले. हापूस हे नावही आफोन्सो या पोर्तुगीज नावावरून. आंब्याची कलमं बांधण्याची रीत गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी रुजवली असं मानतात. गोव्याचा लाडका मानकुराद हा शब्द 'रंगाने फिका' अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. रंग फिका असेल, पण गोवेकर हापूसपेक्षा त्यालाच वर धरतात. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "चारशे-पाचशे वर्सं झाली की रे. अजून पाहुणाच म्हणालेत काय काजूला?" सीमाभागातल्या माणसाने या प्रश्नावर जास्त बोलू नये हेच बरं. आम्ही हसलो आणि पुढं गेलो.

काजूची बी दाताने फोडू नका

खेळ चालू असतानाच घोटाळा झाला. काजूच्या झाडाखाली पडलेल्या बिया भाच्याने उचलल्या आणि शेंगदाणा फोडतात तशी एक दाताने फोडली. दोन मिनिटांत ओठ चुरचुरायला लागले. "मामा, आग व्हालीय!" म्हणून ओरडत आला. त्या माणसाने फिरवताना सांगितलं होतं, पण आमचंच लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओठावर फोड आणि कडेला काळा डाग. बेळगावात डॉक्टरांनी मलम दिलं. आठवड्याभरात गेलं, पण पोराने सोसलं.

असं का होतं? काजूचं टरफल दुपदरी असतं आणि मधल्या जाळीत चिकट तेल असतं. ते तेल कातडी जाळतं. आपल्याकडे बिब्बा उततो हे सगळ्यांना माहीत आहे. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंबाही त्याच कुळातला, म्हणूनच देठाचा चीक लागला की ओठाला चट्टा पडतो. हे तेल वाया जात नाही. गाड्यांच्या ब्रेकचं अस्तर, रंग, वॉर्निश यांत ते वापरतात.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दुकानात 'कच्चा काजू' म्हणून मिळतो तो खरा कच्चा नसतो. टरफल फोडण्याआधी बी वाफवलेली किंवा भाजलेली असते. दोन, पोराने बी फोडलीच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, चोळू नका, हात डोळ्याला लावू देऊ नका. सूज वाढली किंवा डोळ्यात गेलं तर थेट डॉक्टरांकडे.

काजूगर महाग का?

"बाजारात काजू इतका महाग, मग बागवाला श्रीमंत कसा नाही?" हा वहिनींचा प्रश्न. याचा हिशेब सोपा आहे.

चार किलो बियांपासून साधारण एक किलो गर निघतो. समजा बी 130 रुपये किलोने घेतली. चार किलोचे झाले 520. म्हणजे कामाला हात लावायच्या आधीच एक किलो गराच्या अंगावर 520 रुपये बसले. पुढं बी वाळवणं, वाफवणं, एकेक बी फोडणं, गर सुकवणं, वरची लालसर साल काढणं, निवडणं. फोडणं आणि सोलणं ही कामं बहुतेक ठिकाणी बायका करतात. तेलाने त्यांची बोटं काळी पडलेली असतात. आपल्या चंदगड भागातल्या कारखान्यांतही हे बघायला मिळेल. त्यात काही गर तुटतात, आणि तुकड्याला अख्ख्याचा भाव नाही.

पाकिटावर डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थही सांगतो. एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये किती अख्खे गर बसतात तो हा आकडा. 320 म्हणजे 300 ते 320 गर. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. पुढच्या वेळी शनिवार खुटाला काजू घेताना हे बघून घ्या.

बागवाला बी विकतो, गर नाही. मधला फरक वाफवणाऱ्याला, फोडणाऱ्याला आणि व्यापाऱ्याला जातो. त्यातही बियांचा भाव परदेशातून येणाऱ्या मालावर वर-खाली होतो. तो बागवाल्याच्या हातात नाही.

बोंडूचं काय?

गोव्यात मात्र एक गोष्ट वेगळी. बोंडू फेकत नाहीत. बोंडू फार नाजूक, झाडावरून पडला की एका दिवसात खराब व्हायला लागतो. म्हणून तो पेठेत नेता येत नाही. गोव्यात तो बागेतच चेचतात. दगडी कोळंबीत पायाने तुडवून रस काढतात. नंतर चोथ्यावर वजन ठेवून जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. थंडगार नीरो मुलांनाही देतात. घशाला किंचित बसतो, पण गोड लागतो.

बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर भाणात तापवतात. पहिल्या धारेची उर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. उर्राक सौम्य आणि हंगामापुरतीच मिळणारी, फेणी कडक आणि टिकणारी. 2009 मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. पिणं, न पिणं ज्याचं त्याचं. सांगायचं ते एवढंच की ज्या फळाला बाजारच नाही त्याच्यापासून इथल्या लोकांनी दुसरं उत्पन्न उभं केलं.

मामेभाऊ कोळंबीकडे बघतच राहिला. "इथं बोंडू पण विकालेत बघ! आपल्याकडं सगळे झाडाखाली कुजालेत." फेणी आपल्याकडे करता येणार नाही, कायदा वेगळा. पण बोंडूचं सरबत, सिरप, जॅम करता येतं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजूवर वर्षानुवर्षं काम करतंय. तिथल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत.

आणखी काय बघाल?

फणस खोडालाच का लागतो ते मुलांना विचारा. एवढ्या वजनाचं फळ फांदीच्या टोकाला पेललं नसतं हे ती स्वतःच सांगतील. शिवाय एक फणस म्हणजे एक फळ नव्हे. शेकडो फुलं एकत्र येऊन तो बनतो. प्रत्येक गरा हे एकेका फुलाचं फळ. कापा आणि बरका यांतला फरक खाऊनच कळतो.

केळ हे झाड नाहीच. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या देठांची एकात एक गुंडाळी. एक घड दिला की तो बुंधा संपला. शेजारच्या पिल्लाने पुढं चालवायचं. अननसाचंही तसंच, एका रोपाला एका वेळी एकच फळ, आणि लावल्यापासून ते खायला दीड वर्षाच्या आसपास थांबावं लागतं. रस्त्यावर अननसासाठी घासाघीस करताना आता मला जरा लाज वाटते.

कोकमात नर झाड आणि मादी झाड वेगळं असतं. बियांपासून लावलं तर फळ धरेपर्यंत सात-आठ वर्षं कळत नाही की काय लावलं. म्हणून कलम घ्यायचं. ताज्या फळाला आपण रातांबा म्हणतो, गोव्यात भिरंड. साल वाळवली की आमसूल, आणि बियांचं तेल थिजवून भिरंडेल, जे टाचेच्या भेगांना लावतात. आईने दोन वड्या घेतल्या.

तिकीट हेही पीकच

दुपारी जेवताना मालकांना सरळ विचारलं, तिकिटाचे पैसे नसते तर बाग चालली असती काय? ते म्हणाले, चालली असती, पण उधारीवर.

याचा अर्थ असा. सुपारी, मिरी, काजू यांचे पैसे वर्षातून एकदा येतात. मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. कागदावर नफा असला तरी हातात रोकड नसते. नफा वेगळा आणि रोकड वेगळी, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तिकीट आणि जेवण यांचे पैसे त्याच दिवशी हातात पडतात. त्यातून मजुरी सुटते, आणि मिरीला भाव येईपर्यंत थांबता येतं.

मजुरीचं म्हणाल तर मोठी अडचण माणसं मिळण्याची आहे. पोफळीवर चढणारा माणूस शेंड्यावरून झाड झुलवत, खाली न उतरताच शेजारच्या पोफळीवर जातो. पाहुणे टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. पण हे काम करणारी माणसं पिढीगणिक कमी होतायत आणि त्यांच्या मुलांना ते नकोय. पडलं तर कायमचं अंथरूण. शिवाय माकडं, शेकरू, गवे यांचा त्रास. कोवळे नारळ, केळी माणसाच्या आधी माकडांच्या हाती लागतात.

तिकिटाला एक दुसरी बाजूही आहे. पाहुणे वाढले की काही ठिकाणी गाड्या लावायला झाडं जातात, पाटाच्या जागी फरशी येते, आणि बाग हा नुसता देखावा उरतो. आपण पैसे देणार, तर खऱ्या बागेला द्यावेत. ओळखायचं कसं? हे पाच प्रश्न विचारा. पाणी कुठून येतं? या आठवड्यात बागेतून काय काढलं? झाडावर कोण चढतं? पडलेल्या फळांचं काय करता? दुकानातला कुठला माल या बागेतला? चालती बाग असेल तर उत्तरं पटापट येतात, आणि सांगणाऱ्याला बरं वाटतं.

जाण्याआधी

* काजू, आंबा, फणस, कोकम एकत्र बघायचे तर एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला पंधरवडा चांगला. मिरी काढताना बघायची तर हिवाळ्याच्या शेवटी जा. पावसात बाग सुंदर दिसते, पण घाटात धुकं आणि बागेत जळवा.
* सकाळी लवकर निघा. दुपारच्या गर्दीत फिरवणारा माणूस धावतपळत दाखवतो. जेवणाचं आधी फोन करून सांगा.
* पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घाला. डिसेंबर ते मे या काळात माकडतापाचा धोका असतो. हा रोग 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. 2015-16 च्या सुमारास सत्तरी आणि दोडामार्ग भागात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याची लागण झाली होती. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. पाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, लगेच कळवा. घरी आल्यावर अंघोळ करा आणि मुलांचं अंग तपासा. आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना बागेत गेल्याचं सांगा.
* पडलेलं फळ विचारल्याशिवाय उचलू नका. ते कुणाच्या तरी हिशेबातलं असतं.
* उर्राक, फेणी गाडीत घालून आणायचा विचार असेल तर राज्याच्या हद्दीवरचे नियम आधी विचारून घ्या. नंतर चेकपोस्टवर वाद घालून उपयोग नाही.

मामेभावाचा हिशेब

निघताना मामेभावाने शेवटी विचारलंच. दोन एकर भरड आहे, जुनी बियांची काजूची झाडं आहेत, असं कुळागर करता येईल काय?

मालकांनी उलट एकच प्रश्न केला, "उदक आसा?"

"विहीर आहे. मार्चपर्यंत टिकते."

"मग नको. पोफळ लावाल, चार वर्षं वाढवाल आणि पाचव्या वर्षी वाळलेली बघाल. काजूच ठेवा. मेलेल्या झाडांच्या जागी कलमं लावा, ओलाव्याच्या कडेला कोकम, बांधाला फणस. कलमी काजू तिसऱ्या वर्षापासून धरतो, पूर्ण जोर यायला आठ-दहा वर्षं. तोवर गवत काढायची तयारी पाहिजे."

परतताना चोर्ल्यावर चहाला थांबलो तेव्हा मी पाकिटाच्या मागं आकडेमोड केली. विक्रीचे पैसे बँकेत ठेवले तर येणारं व्याज, आणि दुसऱ्या बाजूला कलमं, राखण, मजुरी वजा जाता काजूचं उत्पन्न. कसाही मांडला तरी पहिली दहा वर्षं विक्रीच वरचढ ठरते. हे मी लपवत नाही. मामेभावाला कागद दाखवला. तो काही बोलला नाही.

तेवढ्यात आई म्हणाली, "भरडीच्या खाली गावची झर आहे की. लहानपणी मी कळशी घेऊन तिथंच जायची. तो मनुष्य वर डोंगर कापून बोअर मारील, मग झरीचं काय?"

हा रकाना माझ्या कागदावर नव्हता. तो कुठल्या बाजूला आणि किती रुपयांनी लिहायचा हे मला अजून कळलेलं नाही. पण ती झर आमच्या एकट्याची नाही, खालच्या सगळ्या वाडीची आहे, आणि विचारायचं तर त्यांनाही विचारावं लागेल एवढं मामेभावाला पटलं.

गिऱ्हाइकाला त्याने चतुर्थीपर्यंत थांबायला सांगितलंय. नाही म्हटलेलं नाही. पाऊस पडला की चाळीस कलमं लावायची म्हणतोय. गेल्या रविवारी आईला घेऊन तो झर बघून आला. मेच्या उन्हातही धार चालू होती.